एकल वादनाला लेहरा कोण धरणार?

बी. ए. द्वितीय वर्ष

पावसाळा सरत आला की आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर युवक महोत्सवाची नोटीस लागते. तिच्यात कलाप्रकारांची लांबलचक यादी असते. भारूड, पोवाडा, लोकगीत, समूहगान, मूकाभिनय, रांगोळी, आणि या साऱ्यांच्या मध्ये कुठेतरी एक ओळ: 'शास्त्रीय तालवाद्य (एकल)'. गेल्या वर्षी त्या ओळीपुढे निळ्या शाईने माझे नाव लिहिलेले होते. आमच्या घरातले नाव महाविद्यालयाच्या फलकावर लागण्याची ती पहिलीच वेळ. साहजिकच आहे, महाविद्यालयात पाऊल टाकणारा घरातला पहिला माणूस मीच. पंधरा दिवसांनी ते नाव मी स्वतःच सरांना सांगून खोडायला लावले. का खोडायला लावले, हे तेव्हा मी कोणालाच नीट सांगितले नाही. 'आजारी आहे' म्हणालो. वास्तविक मी आजारी नव्हतो.

मित्रहो, मी पखवाज वाजवतो. आपल्याकडे त्याला मृदंगच म्हणतात. शिकलो तो गावच्या भजनी मंडळात, एका म्हाताऱ्या बुवांच्या शेजारी बसून. बुवांना लिहिता-वाचता येत नाही, पण बारा मात्रांचा चौताल त्यांच्या बोटांत असा मुरलेला आहे की झोपेतून उठवले तरी सम चुकायची नाही. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत जाऊन शिकावे असे मलाही वाटत होते. १९१७ साली जोग महाराजांनी काढलेल्या त्या संस्थेत आपल्या भागातील कितीतरी मुले गेली आहेत. परंतु घरची परिस्थिती आणि बी. ए.चा प्रवेश या दोन्हींमुळे ते राहून गेले. असो.

महोत्सवाआधी सराव व्हावा म्हणून मी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरलो. ती कुठे होती ते सांगण्याचे कारण नाही. वादनाला दहा मिनिटे, आणि त्याआधी वाद्य लावून घ्यायला पाच. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावावी लागते, तेव्हा तो घुमतो. आईने पहाटेच मळून दिलेली कणीक मी डब्यातून नेली होती, पण एस. टी.च्या प्रवासात ती वाळून गेली. पाण्यासाठी धावाधाव करण्यातच पाचांपैकी तीन मिनिटे संपली. इथवर मी निभावले असते. खरा घोळ पुढे झाला. परीक्षकांनी विचारले, "लेहऱ्याला कोण आहे?"

आता लेहरा म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तालवाद्य एकटे वाजते तेव्हा त्याच्याबरोबर पेटीवर किंवा सारंगीवर एक छोटीशी सुरावट सतत फिरत असते. ती बरोबर तालाच्या एका आवर्तनाएवढी असते. तिलाच लेहरा किंवा नगमा म्हणतात. वाजवणारा परन, रेला, चक्रदार घेत कितीही दूर गेला तरी लेहरा जागचा हलत नाही. शेताचा बांध जसा असतो तसा तो असतो. वादक कुठे निघाला, किती लांब गेला आणि समेवर कसा अचूक उतरला, हे ऐकणाऱ्याला कळते ते त्या बांधामुळे. लेहरा नसेल तर वादकाची निम्मी करामत हवेत विरून जाते. बाहेरच्या माणसाला तो नुसता दणदणाट वाटतो.

माझ्याबरोबर आमच्याच वर्गातला एक मित्र आला होता. तो भजनात पेटी वाजवतो, आणि सुरेख वाजवतो. पण भजनी ठेका आठ मात्रांचा. बारा मात्रांचा नगमा त्याने जन्मात कधी धरला नव्हता, आणि धरावा लागेल हे मलाही सुचले नव्हते. 'एकल' शब्द वाचून मी निघालो होतो ना! घाईघाईत त्याने एका अभंगाची चाल ओढूनताणून चौतालात बसवली. दोन आवर्तने ती बसली, तिसऱ्याला सुटली. मी समेवर आलो तेव्हा पेटी अजून वाटेत होती; पेटी समेवर आली तेव्हा मी पुढे निघून गेलो होतो. चौथ्या मिनिटाला बिचाऱ्याने भात्यावरचा हात काढला आणि खाली मान घालून बसून राहिला. उरलेली सहा मिनिटे मी कशी वाजवली ते मला आठवत नाही.

ज्याला पहिले पारितोषिक मिळाले तो शहरातला मुलगा होता. त्याने तबला वाजवला. त्याच्यासोबत पेटीला एक वयस्क गृहस्थ होते आणि ते त्याच्याकडे असे पाहत होते की याला आता काय वाजवायचे आहे ते त्यांना आधीच ठाऊक असावे. तो माझ्यापेक्षा सरस होता, हे मी लपवीत नाही. पण किती सरस होता, हे त्या दिवशी कोणालाच कळले नाही, मलाही नाही. खंत आहे ती याची.

आमच्या भागातल्या ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरतात. एकटा माणूस गेला तर तो 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतानाच हा हिशेब करतो. उसाच्या फडात जे अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांना कळते, ते आपल्या सुशिक्षितांच्या स्पर्धांना का कळू नये? एकट्याने तोडलेला ऊस बांधायचा कोणी, मोळी उचलून द्यायची कोणी? त्या दिवशी मी व्यासपीठावर अर्धा कोयता होतो.

हा प्रसंग मी पुष्कळ दिवस मनात ठेवला. पुढे एकदा आपल्या इंग्रजीच्या सरांशी बोलताना तो निघाला. तेव्हा सरांनी पाश्चात्य संगीतातल्या कॉन्चेर्टो या प्रकाराविषयी सांगितले, आणि मग मी ग्रंथालयात आणि मोबाईलवर मिळेल ते वाचत, ऐकत गेलो. कॉन्चेर्टो म्हणजे एक वादक आणि त्याच्या पाठीशी, किंबहुना त्याच्या समोर, सबंध वाद्यवृंद. व्हायोलिन किंवा पियानो वाजवणारा एकटा. त्याच्याशी बोलायला, त्याला अडवायला, त्याला खांद्यावर घ्यायला पन्नास-साठ वाद्ये. बहुधा तीन भाग असतात, सारे मिळून अर्ध्या तासाच्या आसपास. मध्येच एक जागा येते तिथे सगळा वाद्यवृंद थांबतो आणि तो एकटाच मन मानेल तसा खुलून वाजवतो. त्या जागेला कॅडेन्झा म्हणतात.

अमेरिकेतल्या संगीतशाळांमध्ये, उदाहरणार्थ इंडियाना विद्यापीठात किंवा न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्ये, विद्यार्थ्यांसाठी या कॉन्चेर्टोच्या स्पर्धा होतात. आता तुम्ही म्हणाल, शिरूर कासारच्या पोराला न्यूयॉर्कशी काय करायचे आहे? व्हायोलिन मी प्रत्यक्षात अजून पाहिलेलेही नाही. पण त्या स्पर्धांतल्या दोन गोष्टी मला फार विचार करायला लावणाऱ्या वाटल्या.

पहिली गोष्ट अशी. प्रत्येक स्पर्धकासाठी साठ वादकांचा वाद्यवृंद बसवणे त्यांनाही परवडत नाही. म्हणून निवडीच्या वेळी वाद्यवृंदाचा सगळा भाग एका पियानोवर उतरवलेला असतो, आणि तो वाजवणारा साथीदार स्पर्धकाच्या जोडीला बसतो. अशी साथ करणे ही तिथे एक स्वतंत्र विद्या मानली जाते. तिचे शिक्षण असते, तिला मान असतो. साथीशिवाय सोलो वादकाची परीक्षा घेताच येत नाही, हे त्यांनी गृहीतच धरले आहे.

दुसरी गोष्ट बक्षिसाची. तिथे जिंकणाऱ्याला मिळते ते मुख्यतः वादन. विद्यापीठाच्या पूर्ण वाद्यवृंदाबरोबर, भरलेल्या सभागृहात, तो कॉन्चेर्टो वाजवण्याची संधी हेच पारितोषिक. स्पर्धा म्हणजे मैफलीचे दार, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे काय होते? ढाल मिळते. प्रशस्तिपत्र मिळते. ढाल प्राचार्यांच्या दालनातल्या काचेच्या कपाटात जाते आणि प्रशस्तिपत्राला घरी चौकट केली जाते. ज्याने ती मिळवली त्याचे वादन कोणी ऐकले? तीन परीक्षकांनी, आपल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या दहा-बारा स्पर्धकांनी, आणि घड्याळ घेऊन बसलेल्या एका स्वयंसेवकाने. वर्गातल्या मुलांना फक्त निकाल कळतो. आमच्या स्नेहसंमेलनात बक्षीस वाटप दोन-दोन तास चालते. पण बक्षीस मिळवणाऱ्याला "बाबा रे, वीस मिनिटे वाजवून दाखव" असे म्हटलेले मी अजून ऐकले नाही.

कॉन्चेर्टो परक्यांचा, आपल्या वाद्यांशी त्याचे जमायचे नाही, असे कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. पंडित रविशंकरांनी १९७१ साली सतारीसाठी कॉन्चेर्टो रचला आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर तो वाजवला. आणि आपल्या मुंबईत, २००६ साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी उस्ताद झाकीर हुसेन यांनी २०१५ मध्ये चक्क तबल्याचा कॉन्चेर्टो केला. त्याचे नाव 'पेशकार'. तबल्याच्या एकल वादनाची सुरुवात ज्या रचनेने होते तिचेच हे नाव! डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले तेव्हा मी त्याचे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. इतकी वर्षे गवयाच्या बाजूला बसून साथ करणारे वाद्य मध्यभागी बसले आहे आणि साठ माणसे त्याला साथ करीत आहेत, हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

तबल्याला ही जागा फुकट मिळालेली नाही. उस्ताद अहमदजान थिरकवा यांनी बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत अनेक वर्षे साथ केली आणि त्याच हातांनी एकल तबला म्हणजे काय ते देशाला ऐकवले. शहनाई तर दारावरचे वाद्य. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी ती मैफलीत आणली, आणि २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले. मग आमच्या वर्गातला एक मित्र विचारतो ते उत्तर मागणारे आहे: "माझी हलगी कुठे बसते?" तो हलगी अशी वाजवतो की बैलपोळ्याला अख्खी वेस थांबते. पण नोटिशीत हलगीला आणि संबळाला एकल वादनात जागा नाही. त्यांना लोकवाद्यवृंदात घोळक्याने वाजवायचे असते. 'शास्त्रीय' या शब्दाची ती कुंपणे कोणी घातली आणि कोणासाठी घातली, हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. मी तो त्या मित्रालाच लिहायला सांगितला आहे.

पखवाजाचे म्हणाल तर आपण आपल्याच जिल्ह्याचा इतिहास विसरलो आहोत. आपल्या बीड जिल्ह्यातल्या, अंबाजोगाईकडच्या पंडित शंकरबापू आपेगावकरांना पखवाजासाठी १९८६ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनीही तोच वारसा चालवला. हे मला बारावीपर्यंत कोणी सांगितले नव्हते. बुवांनी सांगितले, तेही "आपल्या जिल्ह्याचा मृदंग दिल्लीपर्यंत वाजला रे" एवढेच. साल मी नंतर शोधले.

आणि खरे सांगू का, कॉन्चेर्टोचे वर्णन वाचताना मला सारखा आमचा सप्ताहच दिसत होता. रात्री नऊचे कीर्तन. मागे दोन ओळींत टाळकरी उभे, मध्ये विणेकरी, एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला मृदंग. कीर्तनकार महाराज अभंगाचा चरण उचलतात, टाळकरी तो झेलतात. मग गजर सुरू होतो, लय चढत जाते, आणि एका क्षणी महाराज स्वतः बाजूला होऊन मृदंगवाल्याकडे हात करतात. टाळ नुसते धरून राहतात आणि मृदंग एकटा बोलू लागतो. मांडवातली आयाबाया, पोरेसोरे, मागे बिडी ओढत उभी असलेली मंडळी, सगळ्यांची मान एका लयीत हलते. तिहाई घेऊन तो समेवर आला की चाळीस टाळ एकदम पडतात! याला कॅडेन्झा म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा. मी वयाच्या तेराव्या वर्षी पहिल्यांदा त्या जागी वाजवले. माझी सम चुकली होती. चाळीस टाळांनी ती सावरून घेतली आणि कोणाला कळूही दिले नाही. पुढे सभागृहात माझी सम चुकली नाही, पण सावरून घ्यायला मागे कोणी नव्हते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की आपण आपल्या स्पर्धांमध्ये दोन गोष्टी कराव्यात. विद्यापीठाने काय करावे ते सांगण्याइतका मी मोठा नाही. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली निघाले, माझे वडीलही तेव्हा जन्मले नव्हते. पण आपल्या महाविद्यालयापुरते बोलायला हरकत नसावी. तालवाद्याच्या स्पर्धकासाठी लेहऱ्याचा माणूस महाविद्यालयाने द्यावा. जिथे स्पर्धा भरते तिथेही एक चांगला पेटीवादक सर्वांसाठी बसवता येईल. ज्याला आपला साथीदार आणायचा त्याने आणावा, ज्याच्याजवळ नाही त्याने या माणसाबरोबर आदल्या दिवशी अर्धा तास बसावे. सभागृहाला झालर लावायला जेवढा खर्च येतो तेवढ्यात हे होईल.

काही मित्र म्हणतात, एवढे कशाला, मोबाईलवर लेहऱ्याचे ॲप मिळते, ते लाव आणि वाजव. मी रोज रात्री तेच करतो, आणि त्याचे उपकार नाकारीत नाही. चौतालाचा नगमा मी त्याच्यावरच पक्का केला. पण ते ऐकत नाही हो! मी जरा दम खाल्ला तर ते दम खात नाही, मी लय वाढवायला निघालो तर त्याला कळत नाही. एका हाताने टाळी वाजत नाही, म्हणतात. ॲप हा दुसरा हात नव्हे, ती भिंत आहे. टाळी नाही तर निदान थाप तरी वाजते, एवढाच तिचा उपयोग.

दुसरी गोष्ट बक्षिसाची, आणि ती माझ्या जिव्हाळ्याची आहे. आपल्या महाविद्यालयातून जो कोणी गाण्यात, वादनात, भारुडात नाव काढील, त्याला ढालीबरोबर एक संध्याकाळ द्यावी. पूर्ण साथीसह, गावासमोर. आणि ती संध्याकाळ जानेवारीच्या स्नेहसंमेलनात नको, पाडव्यानंतर हवी.

जानेवारीत का नको? कारण जानेवारीत अर्धे गाव गावात नसते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या कारखाना बंद होईपर्यंत परतत नाहीत. माझे आईवडील दर साल जातात. मागे घरात आजी, धाकटी बहीण, मी आणि पखवाज. गेल्या वर्षी पखवाजाची पुडी फुटली तेव्हा वडिलांनी उचलीतले पैसे काढून दिले. "चांगली घाल, वरचेवर फुटायला नको," एवढेच बोलले. त्यांनी मला भजनात वाजवताना पुष्कळदा ऐकले आहे. पण मी एकटा, दहा मिनिटे, फक्त मृदंग, असे त्यांनी कधीच ऐकलेले नाही. स्पर्धा असतात तेव्हा ते जाण्याच्या तयारीत असतात, स्नेहसंमेलन असते तेव्हा ते फडात असतात. अशी आमच्या वर्गात मी एकटाच नाही. हजेरी घेताना सरांनी कधी विचारून पाहावे, किती हात वर होतील ते.

काही प्राध्यापक म्हणतील, एप्रिलमध्ये परीक्षा असतात, उन्हाळा असतो, कोण ऐकायला येणार? येतील. बाया घरची कामे उरकून येतील, म्हातारी माणसे चादर घेऊन येतील. सिंदफणेच्या काठी रात्री वारा असतो. सप्ताहाला जे सात रात्री बसतात ते एक रात्र आपल्यासाठी बसणार नाहीत काय?

यंदाची नोटीस लागायला अजून अवकाश आहे. माझ्या त्या पेटीवाल्या मित्राशी मी मधले काही महिने नीट बोललो नव्हतो. त्याला वाटत होते माझे त्याच्यामुळे गेले, आणि मला वाटत होते मी त्याला उगाच त्या ताटात बसवले. गेल्या महिन्यात तो आपण होऊन घरी आला. म्हणाला, "बारा मात्रा शिकव." आता रोज संध्याकाळी आम्ही देवळाच्या ओसरीवर बसतो. बुवा हातावर ताल देतात, तो नगमा धरतो. परवा पहिल्यांदा वीस आवर्तने त्याचा हात हलला नाही. बुवांनी काहीच म्हटले नाही, फक्त तंबाखूची चंची त्याच्यापुढे सरकवली. तो तंबाखू खात नाही ही गोष्ट निराळी.

नोटीस लागेल तेव्हा 'एकल' या शब्दापुढे माझ्या नावाखाली त्याचेही नाव लिहावे, अशी विनंती मी सरांना केली आहे. सरांनी "रकाना एकच आहे, पण बघू" असे म्हटले आहे.